भरलेल्या बिलाचे थकबाकीदार कसे व्हावे?

बिल बुडवून थकबाकीदार होणं कुणालाही जमतं. त्यात कसब ते काय? पै न् पै चुकती करून, पावती खिशात घालून, दवाखान्याच्या दारातल्या गणपतीला हात जोडून घरी यायचं आणि तरीही वसुलीवाल्याच्या यादीत नाव आणायचं, याला मात्र साधना लागते. ही विद्या आता शहरापुरती राहिलेली नाही. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत, किल्ल्याच्या गावात, अंगणात खाट टाकून बसलेल्या माणसालाही ती घरबसल्या साधते. मोबाईल तेवढा चालू पाहिजे.

नवशिक्यांसाठी कृती पायरीपायरीने देत आहोत. सानगडीबाहेरच्या वाचकांनी धानाच्या जागी कापूस, ऊस किंवा पगार घातला तरी चवीत फरक पडत नाही.

साहित्य

१. घरातलं एक वडीलधारं माणूस, ऐन रोवणीत दुखणं काढणारं.
२. नागपूरचा एक खासगी दवाखाना. एका हेलपाट्यात अख्खा दिवस मोडेल इतका लांब.
३. हप्ते पाडून देणारी एक फायनान्स कंपनी. तिचं नाव ठाऊक नसलं तर उत्तम.
४. अर्जावर लिहायला दोन ओळखीच्यांचे नंबर. एक मेहुणा आणि एक गुरुजी हे प्रमाण चांगलं.
५. गुळगुळीत कागदावरची एक पावती.
६. धानाचा चुकारा, येईल तेव्हा.

सूचना: आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का आणि दवाखाना त्या योजनेत आहे का, हे भरती होताना मुळीच विचारू नये. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बिनपैशाने होतात. बिलच झालं नाही तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

पायरी १: कर्ज काढा, पण स्वतःला कळू देऊ नका

दवाखान्यातून सुट्टी मिळण्याचा दिवस. बाबा खुर्चीवर, पिशव्या तुमच्या खांद्यावर, गाडीवाला खाली हॉर्न देतोय. काउंटरवरचा पोरगा प्रेमाने म्हणतो, "काका, एवढे पैसे एकदम कशाला भरता? बिनव्याजी हप्ते करून देतो." तुम्हाला तो देवासारखा वाटला पाहिजे. तो दाखवेल तिथे सही करा. मोबाईलवर आलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवा. खात्यातून दर महिन्याला हप्ता कापायची परवानगीही त्याच झटक्यात देऊन टाका.

या पायरीचं मर्म नीट समजून घ्या. तुमच्या मते दवाखान्याने उधारी दिली, किराणा दुकानात देतात तशी. प्रत्यक्षात कंपनीने दवाखान्याचे पैसे चुकते केले आणि तुम्ही कंपनीचे कर्जदार झालात. म्हणजे वह्या दोन. एक दवाखान्याची, एक कंपनीची. या दोन वह्या एकमेकींशी बोलतात असा भाबडा विश्वास ठेवा. सगळी इमारत या विश्वासावर उभी राहणार आहे.

पायरी २: सगळे पैसे भरा, पण चुकीच्या वहीत

दिवाळी होते, मंडईची जत्रा होते, धान खरेदी केंद्रावर जातं, चुकारा कधीतरी खात्यात पडतो. कर्ज अंगावर ठेवायचं नाही ही आपल्या घरची रीत. तेव्हा पहाटेच्या एसटीने साकोली, तिथून नागपूर, आणि थेट दवाखान्याचा काउंटर. "राहिलेले सगळे पैसे एकदम घ्या जी." ते घेतात. पैसे कोण नाही घेत? पावतीवर "पूर्ण भरणा" असा शिक्का बसतो. तुम्ही खाली उतरून तर्री-पोहे खाता. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, असं वाटू द्या.

आता दवाखान्याच्या वहीत तुम्ही साव आहात. कंपनीच्या वहीत तुमचे हप्ते अजून चालू आहेत. कंपनीला फोन करून किती बाकी आहे ते विचारू नका. "येणे बाकी नाही" असा दाखला मागू नका. बँकेत जाऊन हप्ता कापायची परवानगीही रद्द करू नका. पुढच्या महिन्यात हप्ता मागायला यंत्र तुमच्या खात्यात डोकावेल, खात्यातले पैसे खताला गेलेले असतील, हप्ता परत जाईल. परत गेला म्हणून बँक दंड लावेल, कंपनीही लावेल. कुणाचंही एक पैशाचं देणं नसताना तुमचं कर्ज वाढायला लागेल. शेतात इतक्या बिनमेहनतीने काहीच उगवत नाही.

पायरी ३: पावती जपा, फार जपा

पावती गुळगुळीत कागदावर असते. त्या कागदात शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा लेप असतो. म्हणून ती देव्हाऱ्यात समईजवळ ठेवावी. दुचाकीच्या डिकीत ठेवली तर एका उन्हाळ्यात अक्षरं उडतात. जास्त काळजीवाहू वाचकांनी ती साकोलीला नेऊन लॅमिनेशन करून घ्यावी. गरम रुळांतून बाहेर येताना ती अमावस्येसारखी काळी होऊन येते, आणि मग आयुष्यभर फाटत नाही.

त्याच दुकानात शेजारच्या यंत्रावर साधं झेरॉक्स निघतं, याकडे लक्ष देऊ नये.

पायरी ४: फोन उचला

वर्षभराने फोन येईल. तोवर कंपनीने तुमचं खातं वसुलीच्या एजन्सीकडे सोपवलेलं असेल. समोरचा माणूस कंपनीचा नसतो. त्याच्या हातात एक यादी असते, यादीत तुमचं नाव असतं, आणि वसूल होईल त्यावर त्याचं पोट असतं. दवाखान्याच्या वहीशी त्याचा काय संबंध?

"नमस्कार सर, तुमचा हप्ता पेंडिंग आहे."
"दादा, मी तर सगळे पैसे भरले."
"सिस्टीममध्ये दिसत नाही, सर."
"माझ्याजवळ पावती आहे ना."
"पाठवा, सर."
तुम्ही काळ्या लॅमिनेशनचा फोटो पाठवता.
"सर, हे काय आहे?"

इथे नवशिके हमखास एक चूक करतात. चिडतात. चिडू नका, अजिजी करा. सुपीक जमीन वाया घालवू नये. "साहेब, बघा ना जरा" असं चार वेळा म्हटलं की पाचवा फोन जेवणाच्या वेळी येतो. जास्त उत्साही मंडळींनी "कटकट नको" म्हणून हजार-दोन हजार भरून टाकावेत. नसलेल्या कर्जावर पैसे भरले की ते कर्ज मान्य केल्यासारखं होतं आणि खेळाला नवा डाव मिळतो.

पायरी ५: गावाला सामील करून घ्या

आता मेहुणा आणि गुरुजी उपयोगी पडतात. तुम्ही फोन उचलला नाही की त्यांना जातो. शहरात अशी बातमी फ्लॅटच्या दारात मरते. सानगडीत ती पानठेल्यावरून तलावाच्या पाळीपर्यंत तुमच्याआधी पोचते. "काय जी, कर्ज झालं म्हन्ते तुमच्यावर?" असं विचारणाऱ्याला समजावण्यासाठी खिशात पावती ठेवावी. काळी.

मंडईच्या रात्री नाटकात सावकार रंगमंचावर येतो आणि अख्खा मांडव त्याला शिव्या घालतो. त्या रात्री तुमचाही फोन वाजला तर बाहेर जाऊन घ्या. सावकारावर संतापलेले लोक कर्जदाराच्या फोनकडे मात्र कान देऊन बसतात.

पायरी ६: टोलवाटोलवी (प्रगत)

दवाखाना म्हणतो, आमच्याकडे बाकी नाही, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, आमच्याकडे पैसे आले नाहीत, दवाखान्याला विचारा. एजन्सी म्हणते, दोघांना विचारा आणि तोवर हप्ता भरा. तिन्ही उत्तरं खरी असतात. या पायरीचं सौंदर्य तेच. कुणी खोटं बोलत नाही आणि तुम्ही चोर ठरता.

थोडं परंपरेविषयी

ही कला नवी आहे असा गैरसमज नको. १८७५ च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले. दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यात त्यांनी शोधून शोधून जाळले ते कर्जरोखे. पैसे फेडले तरी रोखा सावकाराच्या पेटीत राहायचा. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली कायदा केला. त्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याला काय दिलं? भरलेल्या पैशांची लेखी पावती आणि हिशेब मागायचा हक्क. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथल्या सावकारांनी हिशेब ठेवावा आणि कर्जदाराला दाखवावा, असा कायदा व्हायला १९३४ उजाडलं. देहूच्या तुकोबांनी मात्र आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवून हा प्रश्न फार आधी मिटवला, असं चरित्रकार सांगतात. पण ते स्वतः धनको होते. आपल्याला बुडवायला कंपनीचा संगणक मिळत नाही.

कृती बिघडवणाऱ्या गोष्टी

पुढच्या गोष्टी केल्या तर सगळी साधना भंगते. म्हणून त्या कटाक्षाने टाळाव्यात.

फोनवर वाद घालण्याऐवजी कंपनीला लेखी तक्रार देऊ नका. दिलीच तर तिचा नंबर मुळीच जपून ठेवू नका. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना सांगून ठेवलंय, की कर्जदाराच्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्याचं प्रकरण वसुली एजंटाकडे पाठवू नये.

एजंट दारात आला तर त्याचं ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागू नका. पाणी विचारा, चहा विचारा, हे दोन कागद तेवढे विचारू नका.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, चारचौघांत अपमान करता येत नाही, नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या खासगी आयुष्यात घुसता येत नाही. म्हणून फोनची वेळ लिहून ठेवू नका. मेहुण्यालाही लिहायला सांगू नका.

दवाखान्याकडून त्यांच्या लेटरहेडवर, रुग्णाचं नाव, बिल क्रमांक, रक्कम आणि तारीख घालून "संपूर्ण रक्कम मिळाली" असं पत्र घेऊ नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर बँकेच्या विवरणातला व्यवहार क्रमांक शोधू नका. तो उन्हात उडत नाही, ही मोठी अडचण.

कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ नका. तिथे फी लागत नाही, त्यामुळे मजा नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही पाय ठेवू नका. ५ लाखांपर्यंतच्या मामल्याला तिथेही फी नाही.

आपला पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवू नका. त्यात "थकीत" लिहिलेलं दिसलं आणि तुम्ही तक्रार केली, तर ३० दिवसांत ती न सोडवल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई उलट तुम्हालाच मिळते. वसुलीचा प्रवाह असा उलटा वाहायला लागला की गावात तोंड कसं दाखवायचं?

शंका-समाधान

प्रश्न: वसुलीवाला कंपनीचा नसून दवाखान्याचाच माणूस असेल तर?
उत्तर: मग रिझर्व्ह बँकेचे नियम त्याला लागत नाहीत. धमकी मात्र गुन्हा राहतेच, पोलीस ठाणं आहे, ग्राहक आयोग आहे. तुम्ही तिकडे जाणार नाही, हा आमचा भरवसा.

प्रश्न: बाबांना सांगावं का?
उत्तर: नाही. त्यांना आधीच वाटतं की आपल्या दुखण्यापायी घर बुडालं. त्यांनी मात्र तुम्ही न विचारता काहीतरी सांगितलं तर ऐकून घ्यावं.

बाबांनी हल्ली असंच एकदा सांगितलं, म्हणून ही शेवटची नोंद. सोसायटीचं पीककर्ज त्यांनी चाळीस वर्षं काढलं आणि फेडलं. फेडल्यावर ते कधी पेढे वाटत नसत. आधी सोसायटीचा दाखला, मग तलाठ्याकडे हेलपाटे, मग नवा सातबारा हातात. त्यावरचा बोजा उतरलेला डोळ्यांनी पाहिला की मगच चुलीजवळ येऊन म्हणायचे, "फिटलं." आईने कधी विचारलं, पैसे तर महिन्यापूर्वीच भरले ना? तर म्हणायचे, "भरले. फिटलं आज."

तेच बाबा दवाखान्याच्या काउंटरवर खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलंही होतं, "कागद वाचला का रे?" गाडीवाला हॉर्न देत होता. तुम्ही "हो" म्हणालात.

कृती तिथेच पूर्ण झाली होती. बाकीच्या पायऱ्या नुसत्या आचेवर ठेवण्याच्या.