घरच्या घरी जीप खोला : वडशातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका ज्यांनी जुनी जीप घेऊन टाकली आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी अजून घेतली नाही त्यांनी इथेच थांबावं आणि त्या पैशात सांदवाडीला कुंपण घालून घ्यावं. कुंपणाला डिझेल लागत नाही.

पायरी पहिली : जीप कोणती, ते कबूल करा. तुमच्या दारात उभी आहे ती बहुधा महिंद्राची एमएम ५४० असेल. विकणाऱ्याने ‘दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन’ असं सांगितलं असेल. त्यात थोडं तथ्य आहे. सांगाडा विलिस घराण्याचा आहे आणि महिंद्रांनी विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून इथे जोडायला १९४७ मध्ये सुरुवात केली. इंजिन मात्र फ्रेंच वंशाचं, प्यूजोचं, २११२ सीसी डिझेल. म्हणजे युद्धावर आजोबा गेले होते, नातू तेंदूच्या फडीवर.

‘वनविभागाची गाडी, निलावात घेतली’ असंही सांगितलं असेल. मग कागद मागा. सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढे वाढवून मिळत नाही. ती भंगारातच जाते. त्याआधीच्या निलावातली असेल तर आरसी तुमच्या नावावर होते का ते पाहा, आणि चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळवा. खरवडून, टॉर्च मारून, एकेक आकडा. रंग, टप, हॉर्न नंतर.

पायरी दुसरी : मुहूर्त. पंचांग बाजूला ठेवा. पावसाळ्यात जीप खोलू नये, कारण रोवणीत सगळे मेकॅनिक ट्रॅक्टरखाली असतात. दिवाळीनंतर खोलू नये, कारण मंडया लागतात, शंकरपट लागतात आणि वडशातून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. या दिवसांत मेकॅनिक दुपारी बाराला भेटतो, तोही रात्रभर नाटक पाहून आलेला. हातात पाना आणि तोंडात व्हिलनचे डायलॉग. मे महिन्यात पाना हातात धरवत नाही. उरला होळी ते अक्षय तृतीया हा काळ. तेवढ्यात पूर्ण होईल का? नाही. पण सुरुवात तरी चांगली होईल.

पायरी तिसरी : पाने. इथे नवशिका पहिल्यांदा रडतो, म्हणून सविस्तर सांगतो. या गाडीत दोन देशांची मापं नांदतात. इंजिनाचे नट मिलिमीटरचे. सांगाडा आणि अॅक्सलचे बरेचसे नट अजून इंचाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो. वाटतो, बसत नाही. जोर लावला की नटाचे कोपरे जातात आणि गोल झालेला नट पुढे छिन्नीनेच निघतो. नऊ सोळांश इंचावर चौदाचा पाना चढतच नाही. मग माणूस पंधराचा लावतो आणि पुन्हा छिन्नी. म्हणून इंचाचा संच वेगळा घ्यावा आणि तो शेजारी मागायला येईल तेव्हा हरवला आहे असं सांगावं.

दुसरा सापळा चाकांचा. विलिस घराण्यातल्या जुन्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्याचे असतात. बोल्टच्या टोकावर ‘एल’ कोरलेला दिसतो. तो न पाहता टॉमीवर उभे राहून उड्या मारणारे वडशातच काय, जगभर सापडतील. ते नट उघडत नसतात, आवळत असतात.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून सोडावं. सकाळी हातोडीने हलकेच टिचकी मारावी, मग पाना.

पायरी चौथी : उतरवणे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर. मग बॉनेट, रेडिएटर, वायरिंग. प्रत्येक जोडाचा सुटण्याआधी फोटो काढावा. बोल्ट लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून वर लिहावं. ‘मागचा’ असं लिहू नये. कशाच्या मागचा ते लिहावं. पाकिटं तणसाजवळ ठेवू नयेत. तणसात उंदीर, आणि उंदराला वायरिंगची गोडी.

इंजिन दोघातिघांनी उचलायची वस्तू नाही. कडुनिंबाच्या फांदीलाही बांधू नये, कितीही जणांनी ‘आमच्या बापानं बांधलं होतं’ म्हटलं तरी. तिपाई आणि चेन कप्पी भाड्याने आणावी. हे चालू असताना रस्त्यावरचा प्रत्येक सायकलवाला थांबेल.

“काऊन जी, इंजिन कायले उतरवता? सुरू होती ना गाडी?”

उत्तर देऊ नये. उत्तर दिलं की तो सायकल स्टँडवर लावतो.

पायरी पाचवी. या पायरीला पाऊस येतो. ताडपत्री टाका.

पायरी सहावी : पत्रा. बांधीतला चिखल सांगाड्याच्या पोकळीत शिरून वर्षानुवर्षं ओला राहतो. ही गाडी आतून खाल्ली जाते; बाहेरून गुलाबजाम दिसते. पायाखालचा रबर काढा आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. आरपार गेला तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. लांबी फासायची नाही. लांबी खड्ड्यावर बसते, भोकावर नाही, हे पेंटरला माहीत असतं. तो तुम्हाला सांगत नाही इतकंच.

पायरी सातवी : सुधारणा करू नका. हे मी ठळक लिहितो, कारण इथेच बहुतेक जिपा मरतात. जाड टायर, टपावर दिव्यांची माळ, दुसऱ्याच गाडीचं इंजिन. कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मूळचं सहा-सोळाचं बारीक टायर बांधीच्या चिखलात खाली कडक जमिनीपर्यंत जातं आणि तिला धरतं. जाड टायर चिखलावर तरंगतं, गोल गोल फिरतं आणि व्हिडिओत छान दिसतं. या गाडीचा मोठा गुण असा की रानात दोन पाने आणि एक हातोडी घेऊन ती दुरुस्त व्हावी अशीच बनवलेली आहे. तुम्ही जितकी सुधाराल तितका तो गुण जाईल आणि प्रत्येक आजारासाठी नागपूर गाठावं लागेल.

पायरी आठवी : जोडणी. ब्रेकचे सिलिंडर आणि रबर नवे. डिझेल पंप घरी उघडू नका, तो पंप-नोझलवाल्याकडेच. बाकी फोटो पाहत उलट क्रमाने. सेल्फ मारून इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही, तर घाबरू नये. लाइनमध्ये हवा आहे. फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हा स्क्रू आवळा. मग नोझलच्या नळ्यांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा आणि डिझेल थुंकू लागलं की आवळा. हीटर प्लग तापू द्या. काळा-पांढरा धूर येईल, बायको खिडक्या लावून घेईल.

पायरी नववी : चाचणी. आधी ब्रेक, मग वेग. गिअरच्या दांडीशेजारच्या दोन छोट्या दांड्या, एक पुढचं अॅक्सल जोडणारी आणि एक हाय-लोची, डांबरी रस्त्यावर ओढू नयेत. संध्याकाळी जंगलातल्या वाटेवर तर चाचणी घेऊच नये. सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्याच जंगलात बेशुद्ध करून पकडला, तोवर त्याने तेरा माणसं मारली होती. बाकीचे वाघ तिथेच आहेत, आणि तुमच्या जीपला दारं नाहीत.

पंधरा वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांसाठी आरटीओत जावं. जीप घेऊनच जावं लागतं, म्हणून हे काम शेवटी.

पायरी दहावी : जीप सांभाळणे. गाडी चालू झाली ही बातमी मंडईच्या आत गावभर होते. मग कुणाला पाहुणे आणायचे असतात, कुणाला धानाची पोती न्यायची असतात, साळ्याला ब्रह्मपुरीला मुलगी पाहायला जायचं असतं. नाही म्हणता येत नाही. यासाठी भंगारातून एक मोडका गिअर बॉक्स किलोवर विकत आणावा, त्याला थोडं ऑइल फासावं आणि छपरीत समोरच मांडून ठेवावा. कुणी आलं की त्याच्याकडे हात करायचा : “पाहा ना जी, कालच उघडला.”