टिचकी आणि थंडा

मे महिन्यात मंगळवेढ्यात दुपारी पाहुणे टेकले की प्रश्न येतो, "च्या घेताय का थंडा?" पाहुणे "राहू द्या की" म्हणेपर्यंत घरातलं धाकटं पोरगं सायकलवर टांग टाकून गेलेलंही असतं. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. पाहुण्याला कोरडं पाठवणं इथे कुणाला जमत नाही. पोरगं परत येतं तेव्हा बाटली हँडलला पिशवीत लोंबकळत असते, आणि वाटेतला एकही खड्डा त्याने चुकवलेला नसतो.

मग घरातले तात्या पुढे सरकतात. "थांब, टिचकी मारल्याबिगर उघडू नको." बाटलीच्या कुशीत तीन टिचक्या मारल्या जातात, झाकण फिरतं आणि पाहुण्यांचा इस्त्रीचा सदरा ओला होतो. "टिचक्या कमी पडल्या," तात्या म्हणतात.

कमी पडल्या नव्हत्या. डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी बिअरचे हजारावर डबे घेऊन 2019 मध्ये हेच तपासलं. डबे यंत्रावर हलवले, काहींना टिचक्या मारल्या, काहींना नाही, आणि उघडल्यावर किती बिअर सांडली ते तोलून पाहिलं. फरक शून्य. समोर हजार डबे असताना ती तोलत बसायची म्हणजे निष्ठा वेगळीच हवी.

हिसके बसल्याने बाटलीतला दाब फारसा वाढत नाही. वरच्या मोकळ्या जागेतला वायू बारीक बुडबुडे होऊन पेयात मिसळतो, एवढंच. झाकण उघडताच दाब उतरतो, विरघळलेला वायू त्या बुडबुड्यांत शिरतो, ते फुगतात आणि पेय घेऊनच बाहेर पडतात. त्यातून मंगळवेढ्याचं ऊन! 20 अंशांना पाण्यात जेवढा वायू विरघळतो, त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त 40 अंशांना विरघळतो.

उपाय साधा आहे. बाटली गार पाण्यात उभी ठेवायची, बुडबुडे वर जाऊ द्यायचे, मग झाकण किंचित सैल करायचं. फेस चढला की आवळायचं, पुन्हा सैल करायचं. पण पाहुणे समोर बसलेले असताना बाटलीकडे बघत गप्प बसायचं कसं? घरच्यांना ते कंजूषपणासारखं वाटतं.

गोटी सोड्याला ही लाज नव्हती. हायरम कॉड या इंग्रजाने 1870च्या दशकात काढलेली ती बाटली. वायूचा दाबच गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट धरून ठेवायचा. अंगठ्याने गोटी आत ढकलली की आवाज व्हायचा, आणि गिऱ्हाईक अर्धे पैसे त्या आवाजाचेच द्यायचं. वर सोडेवाला ग्लासात लिंबू-मीठ टाकून सोडा ओतायचा. मिठाच्या खरबरीत कणांवर बुडबुडे धरतात, म्हणून फेस काठ ओलांडायचा. तिथे तो ओलांडलाच पाहिजे, नाहीतर सोडा शिळा!

एखादे दिवशी तात्या खरोखर धीर धरतात. बाटली गार करतात, झाकण इंचाइंचाने सोडतात, थेंबही न सांडता ग्लास भरतात. पाहुणे ग्लासात डोकावतात आणि विचारतात, "जरा मीठ मिळंल का?"