नाना आणि माझी जळजळ

माझ्या छातीत जळजळतं. हे वाक्य मी गेली वीस वर्षं रोज रात्री साडेअकराला म्हणतो, आणि गेली वीस वर्षं बायको कूसही न बदलता एकच उत्तर देते. "ओवा डब्यात आहे."

दुसरं माझं आवडतं वाक्य म्हणजे, 'मी फौजेत होतो.' ते ऐकून समोरचा सावरून बसला, की मी घाईघाईनं पावसापाण्याचं विचारतो. कारण १९८४ ते २००१ अशी सतरा वर्षं मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये क्लार्क होतो, म्हणजे देश राखण्यात माझा वाटा काय, तर डाळ, आटा, साखर आणि हिरवी भाजी यांचे आकडे एका लेजरातून उचलून दुसऱ्या लेजरात ठेवायचे आणि संध्याकाळी दोन्ही लेजरांची बेरीज एक का येत नाही याचा शोध घ्यायचा. रायफल वर्षातून एकदा फायरिंग रेंजवर हातात यायची. त्या दिवशी शेजारच्या जवानाच्या टार्गेटवर पाचाच्या जागी नऊ भोकं निघायची. शाबासकी त्याला मिळायची.

तर असा मी, सुटून आलो, वाळूजच्या एका कारखान्यात सुरक्षा सुपरवायझर झालो, तिथूनही निवृत्त झालो, आणि हडकोतल्या घरात ओव्यावर दिवस काढत होतो. तेवढ्यात टेक्सासहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या शेजारी इराकला जाऊन आलेला एक निवृत्त सैनिक राहतो. लढाईच्या धक्क्यानं मनाला जो आजार जडतो, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, तो त्याच्या सरकारनं आधीच मान्य केलेला. पुढं त्या आजारापायी त्याला ॲसिडिटी जडली, तर म्हणे तिचीही भरपाई मागता येते. मूळ दुखणं फौजेचं ठरलं, की त्याला फुटलेली फांदीही फौजेचीच.

"मामा, ॲसिडिटीचे पैसे!"

मी उभाच राहिलो. कमरेची लुंगी बसूनच राहिली. भाचा पुढं सांगत होता, की मे २०२४ पासून तिकडं नियम कडक झालेत, नुसती जळजळ चालत नाही, अन्ननलिका आकसल्याचा पुरावा लागतो वगैरे. पण तोवर मी कपाटावरून ट्रंक उतरवायला घेतली होती.

त्या रात्री मी बरंच वाचलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पोटाच्या दुखणाईतांची एक अख्खी डिव्हिजन उभी केली होती, सत्तरावी. पोटाला सोसावा म्हणून त्यांना पांढरा पाव मिळायचा, म्हणून तिचं नावच 'पांढऱ्या पावाची डिव्हिजन' पडलं, आणि १९४४ मध्ये हॉलंडमधल्या वाल्खेरेन बेटावर ही मंडळी लढली. मी बायकोला उठवून ते दाखवलं. "बघ, पोट बिघडलेले लोक होते हे."

"ते लढले," ती म्हणाली आणि परत झोपली.

आता अर्जाला धक्का हवा होता. सतरा वर्षं उलटीपालटी करून माझ्या हाती एकच लागला: १९९२ ची साखर. डिपोत साठा मोजायला अधिकाऱ्यांचं बोर्ड आलं होतं आणि साठ किलो साखर कमी भरली. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही, लंगरातला चहा तर मुळीच नाही, कारण त्यात साखर होती आणि ती कुठून आली याचा हिशेब मनात सुरू व्हायचा; रात्री डोळा लागला की पोती रांगेनं माझ्यासमोरून परेड करत जायची आणि शेवटचं पोतं मला सलाम न करता निघून जायचं. चौथ्या दिवशी कळलं, की साखर जागच्या जागी आहे. मीच माझ्या अक्षरातला एक सात म्हणून वाचला होता.

या घटनेवर मी अकरा पानं लिहिली. 'त्या क्षणी माझ्या अंतःकरणात जो स्फोट झाला' असं एक वाक्य त्यात होतं, आणि मला ते फार आवडलं होतं. पुराव्याला बायकोचं निवेदन जोडावं म्हणून तिला म्हटलं, "मी झोपेत दचकून ओरडतो, असं लिहून दे."

"तुम्ही घोरता," ती म्हणाली. "वरडते मी."

माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकात डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगणारे होते. जठराच्या वेशीवर स्नायूचं एक कडं असतं, ते सैल पडलं की आम्ल वर चढतं. मनावर सतत ताण असला, झोप मोडत राहिली, की तेवढंच आम्ल जास्त जाळतं, कारण मेंदूपासून पोटापर्यंत एक लांबलचक मज्जातंतू पसरलेला आहे आणि वरच्या घरातलं भांडण खालच्या घरात ऐकू येतं. शिवाय अंगदुखीवर वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या आहेतच. मी दर वाक्याला मान डोलावत होतो आणि मनात अर्जाचं बारावं पान लिहीत होतो.

"काल रात्री काय जेवलात, काका?"

इथं घात झाला. काल रात्री मी शहागंजला नान खलिया खाल्ला होता. आता नान खलियाचं असं आहे, की तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून आपल्या दौलताबादला आणली, तेव्हा एवढ्या मोठ्या फौजेला एकदम शिजवून घालायला हा पदार्थ निघाला, असं आपल्या गावात सांगतात. मी डॉक्टरांना तेच सांगितलं, की पदार्थ मूळचा सैनिकी आहे, म्हणजे दुखण्याचा संबंध सेवेशीच पोहोचतो. त्यांनी माझ्या पट्ट्याकडं पाहिलं. पट्ट्याला मी स्वतः खिळ्यानं पाडलेली दोन जादा भोकं होती. तेवढी दोन मात्र मी नेमकी मारली होती.

एंडोस्कोपीबद्दल फार सांगत नाही. घशात नळी असताना बोलता येत नाही, हे मला आधी सांगितलं होतं. तरी मी नंबर, रँक आणि नाव सांगायचा प्रयत्न केला. निदान आलं: झडप थोडी सैल, वजन जास्त, रात्रीचं जेवण लवकर घ्या, पलंगाच्या उशाखाली विटा ठेवा. युद्धाचा उल्लेख नव्हता.

तेव्हा कोणी तरी मला छावणीतल्या एका ऑनररी कॅप्टन साहेबांकडं जायला सांगितलं. हा माणूस पेन्शनरांची कागदपत्रं फुकट बघतो. गुरुवार होता, छावणीचा बाजार भरला होता, आणि मेथीच्या जुड्या नि कोंबड्यांची खुराडी ओलांडत मी पिशवीत फाईल घेऊन पोहोचलो. साहेबांनी अकरा पानं शांतपणे वाचली. स्फोटाच्या वाक्याला चष्मा काढून पुसला.

"बाबूजी," ते म्हणाले. फौजेत क्लार्कला बाबूजी म्हणतात. "पहिल्यांदा तुम्हाला नाना गाठतील."

"नाना कुठं बसतात?" मी डायरी काढली.

साहेब बराच वेळ हसले. नाना म्हणजे 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड', याची चार आद्याक्षरं. मेडिकल बोर्डाला वाटलं, की आजार सेवेमुळं झालाही नाही आणि सेवेमुळं वाढलाही नाही, की कागदावर नाना उमटतात. मग ते म्हणाले तसं मी लिहून घेतलं. १९८२ चे नियम. त्यावर २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असं धरायचं आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली असेल तर काही नाही. वीस भरलं, तर पन्नासच्या खालचं सगळं पन्नास धरायचं. २०१४ मधल्या राम अवतार खटल्यानंतर हा लाभ मुदत संपवून घरी आलेल्यांनाही मिळाला. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, पन्नासला त्याच्या निम्मे. नाहीच पटलं, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईला. इथवर ऐकेपर्यंत मी मनातल्या मनात नवा सोफा घेऊन त्यावर बसलोही होतो.

"सुटताना मेडिकल कॅटेगरी?"

"शेप-वन." म्हणजे ठणठणीत. ते मी अभिमानानं सांगितलं.

"जळजळ कधी सुरू झाली?"

"२००४."

"आणि सुटलात २००१ ला. उशिरा उगवणाऱ्या दुखण्यालाही नियमात जागा आहे, बाबूजी, पण बी नोकरीत पडलं होतं हे दाखवावं लागतं. मधली तीन वर्षं कोणाशी लढत होता?"

शहागंजचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मला वाटलं, एक साक्षीदार कमी पडतोय. आमच्या गल्लीत शेवटच्या घरात एक हवालदार राहतात, इन्फन्ट्रीतले, १९९९ ला द्रासला होते. त्यांची नि माझी ओळख नमस्कारापुरती, कारण माझ्या मते माणूस पक्का चिक्कू. दरवर्षी धनत्रयोदशीला घराला कुलूप लावतात नि भाऊबीज झाल्यावर उगवतात. ना एक फटाका, ना कोणाला फराळाचं ताट. हे मत मी गल्लीत बारा-तेरा वर्षं चहाबरोबर वाटत आलो होतो.

माझ्या अंतःकरणातल्या स्फोटाला साक्षीदार म्हणून त्यांची सही घ्यायला गेलो, तर दार उघडंच होतं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. उशा चार. माणूस आडवा होत नसावा, बसल्या बसल्याच रात्र काढत असावा. त्यांनी माझी अकरा पानं न वाचताच सही केली, पेन परत दिलं, आणि मी उठताना म्हणाले, "बाबूजी, ह्याच्यात जळजळपण लिहिता येते का?"

मी परत बसलो.

त्यांच्या पेटीतून बोर्डाचा कागद निघाला. झोपेचा नि मनाचा आजार, वीस टक्के. खाली नाना. कारण दिलं होतं, की आजार शांततेच्या ठिकाणी सुरू झाला. ते खरंही होतं. द्रासहून पलटण खाली आली, गोळे थांबले, रात्री शांत झाल्या, तेव्हाच त्यांची झोप गेली. जळजळ त्याच्या मागून आली, पण ती त्यांनी कोणाला सांगितलीच नव्हती. "छातीत जळतं म्हणून डॉक्टरपुढं काय उभं राहायचं? माझ्या बाजूचे दोघं परतच आले नाहीत." आणि दिवाळीला म्हैसमाळच्या अलीकडं एका मित्राच्या शेतावर जातात. तिथं फटाके ऐकू येत नाहीत.

मी चहा घेतला. चहात साखर किती होती, ते आठवत नाही.

त्यांचा अर्ज मी लिहिला. दोन पानं झाला. आयुष्यात पहिल्यांदा विशेषण न वापरता लिहीत होतो, त्यामुळं आठवडा लागला. कच्चा मजकूर माझ्याच अकरा पानांच्या पाठीवर काढला. पुढच्या बाजूला माझी साखर, मागं त्यांचं द्रास. कॅप्टन साहेबांनी तीन ठिकाणी खोडलं, जळजळीसाठी नवीन तपासण्या जोडायला लावल्या, आणि आकडे मोठ्यानं वाचून घेतले. तारखेत मी एक चा सात केला होता. अर्ज गेला. उत्तर अजून यायचं आहे.

माझा अर्ज कुठं गेला, असं तुम्ही विचाराल. बायकोनं त्यावर चकल्या निथळायला ठेवल्या.

यंदा धनत्रयोदशीला मी हवालदारांबरोबर शेतावर गेलो. सोबत म्हणून गेलो असं मी गल्लीत सांगितलं. फटाक्यांचा मलाही त्रास होतो असं सांगायचा विचार होता, पण बायको जवळच उभी होती. निघताना तिनं उटणं, साबण नि फराळाचा डबा दिला, "नरकचतुर्दशीला दोघंबी पहाटं आंघोळ करा" म्हणाली. शेतावर हवालदार मऊ खिचडी जेवले. मीही जेवलो. मग अंधारात डबा चाचपून सात-आठ चकल्या, थोडा चिवडा, पुन्हा दोन चकल्या, असं हळूहळू, आवाज न होईल अशा बेतानं खात राहिलो. चकली आवाज न करता खाता येत नाही.

मग झोपलो. म्हणजे मी झोपलो, ते भिंतीला टेकून बसले. बाहेर काही म्हणजे काही आवाज नव्हता. आणि छातीत ते सुरू झालं. मी उठून बसलो.

"बाबूजी, झोप नाही?" अंधारातून आवाज आला.

"साखर आठवली," मी म्हणालो.

ते पहिल्यांदाच हसताना ऐकले. मग खिशात हात घालून त्यांनी एक पुडी काढली नि माझ्या हातावर ठेवली. ओवा.

"वहिनींनी निघतानाच माझ्याजवळ दिला," ते म्हणाले. "म्हणल्या, साडेअकराला लागेल."

मी मोबाईल उजळून बघितला. अकरा अठ्ठावीस झाले होते.