एका रात्रीत गायक व्हा! सांगली-साताऱ्याच्या नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

साहित्य : मोबाईल एक, चार्जर एक, दिवसभराचा नेटपॅक. गळा ऐच्छिक. रियाजाची गरज नाही.

पायरी १ : वारसा सांगा
विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं ते सांगलीत. बालगंधर्व नागठाण्याचे, पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी घर केलं मिरजेत आणि औंधचा संगीत महोत्सव १९४० पासूनचा. यातलं काहीही ऐकलेलं नसलं तरी बिघडत नाही. परिचयात ‘कृष्णाकाठच्या मातीतला सूर’ एवढं टाका. पुढचं काम माती करते.

पायरी २ : हुकूम सोडा
सुनो किंवा एआयने गाणी करून देणारं तसलं एखादं ॲप उघडा आणि लिहा : ‘कृष्णाकाठचं लग्नाचं गाणं, हलगी कडक पाहिजे, शेवटी डोळ्यांत पाणी.’ चहाला उकळी यायच्या आत गाणं तयार. हलगीच्या जागी भलतंच काही वाजलं तर काणाडोळा करा. ‘हळदी’ची ‘हलद’ झाली तर मात्र पुन्हा हुकूम सोडा. बाकी कुठेही खपेल, पण सांगलीच्या मार्केट यार्डात ‘हलद’ खपायची नाही.

पायरी ३ : आवाज निवडा
इथे भले भले घसरतात. हौशी मंडळी थेट आशाताईंचाच आवाज लावतात. आशा भोसले यांचा जन्म १९३३ साली सांगलीतलाच, तेव्हा ‘आपल्याच गावच्या, त्या काय म्हणणार?’ असा हिशेब असतो. त्या काय म्हणाल्या, ते मुंबई उच्च न्यायालयात नोंदलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजाची नक्कल तिच्या परवानगीशिवाय करून देणारी एआय साधनं पुरवणं, हा तिच्या व्यक्तिमत्त्व हक्कांचा भंग ठरतो, असं प्रथमदर्शनी मत न्यायालयाने नोंदवलं. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनाही तिथेच असा दिलासा मिळाला होता. सबब, ही पायरी गाळा.

पायरी ४ : श्रेय घ्या
गीत, संगीत, स्वर या तिन्ही रकान्यांत स्वतःचं नाव घाला. ‘ढोलकीवर कोण आहे हो?’ असं कुणी विचारलंच, तर ‘पुण्याची मंडळी’ म्हणा आणि विषय बदला.

पायरी ५ : गाणं चढवा
मंच जपून निवडा. बँडकॅम्पने जानेवारी २०२६ मध्ये संपूर्ण किंवा बऱ्याच अंशी एआयने केलेल्या गाण्यांना दार बंद केलं. डीझर ही फ्रेंच सेवा अशी गाणी ओळखून २०२५ पासून त्यांच्यावर तशी खूण करते. राहता राहिले भावकीचे व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे न ऐकताच अंगठा मिळतो.

शंकासमाधान

शंका : मग एआयची गाणी मंचावर घ्यावीत की नाही?
उत्तर : आधी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चक्कर मारून या. तिथला कारागीर तानपुऱ्याची घोडी घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तार छेडतो आणि कान देतो. मग दोरा केसभर मागे घेऊन पुन्हा छेडतो. स्वर खुलेपर्यंत हे असंच चालतं. याला म्हणतात जवारी काढणं. दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. बटण दाबलं की षड्ज-पंचम सुरू. रियाजाला तो सर्रास वापरतात आणि कुणी कुणाशी भांडत नाही, कारण त्या डब्यावर ‘मिरजेचा तानपुरा’ असं लिहिलेलं नसतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसरीकडच्या मालाला ते नाव लावता येत नाही. गाण्यांच्या मंचांनीही हाच कित्ता गिरवावा.

शंका : म्हणजे नेमकं काय करावं?
उत्तर : एआयचं गाणं घ्यावं, पण त्याचा कप्पा वेगळा ठेवावा आणि त्यावर ठळक खूण असावी. माणसाच्या आवाजाची परवानगीवाचून केलेली नक्कल दिसताक्षणी काढून टाकावी. आणि ऐकणाऱ्यांच्या वर्गणीतून गायक-वादकांना जे पैसे मिळतात, त्यात या गाण्यांना वाटा देऊ नये. नाहीतर दिवसाला शंभर गाणी पाडणारा बहाद्दर वर्षाला चार गाणी करणाऱ्या शाहिराच्या ताटातलं खाणार.

शंका : पण एआयसुद्धा आमच्यासारखंच ऐकून ऐकून शिकलं ना?
उत्तर : शिकलं खरं, पण गुरूला न विचारता. जून २०२४ मध्ये अमेरिकेत बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआय-गाण्यांच्या कंपन्यांवर खटले भरले ते याच कारणाने : आमची ध्वनिमुद्रणं परवानगीशिवाय वापरलीत. आपल्याकडे गंडा बांधताना निदान गुरूचं नाव तरी घेतात.

शेवटची सूचना : गाणं चढवताना ‘हे एआयने केलेलं आहे’ असा रकाना आला, तर त्यात बिनदिक्कत खूण करा. रकानाच नसेल, तर गाण्याच्या नावाखाली तसं स्वतः लिहा. लिहायला हात धजत नसेल, तर ते गाणं चढवू नका.