व्हाया परभणी

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, ही म्हण आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून ऐकवतो. दुसरी एक आहे, ती सहसा घरातच ठेवतो: बनी तो बनी, नहीं तो परभणी. म्हणजे मुंबई-पुण्याला जमलं तर जमलं, नाही जमलं तर आपलं गाव कुठं पळून गेलंय? या दुसऱ्या म्हणीत हेवीवेट बॉक्सिंगचं सगळं शास्त्र सामावलेलं आहे, याचा शोध आम्हाला 16 नोव्हेंबर 2024 रोजी सकाळी जिंतूर रोडच्या एका हॉटेलात लागला.

हॉटेल म्हणजे चहाचं. अमेरिकेत अजून शुक्रवारची रात्र सरायची होती आणि टेक्सासातल्या आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर 58 वर्षांचा माइक टायसन 27 वर्षांच्या जेक पॉलसमोर उभा ठाकला होता. हा पॉल मूळचा यूट्यूबवर व्हिडिओ टाकून नावारूपाला आलेला. एका मोबाइलवर आठ डोकी वाकलेली. नेटफ्लिक्सचं ते लोडिंगचं गोल चक्र त्या दिवशी दोघाही बॉक्सरांपेक्षा जास्त फिरलं. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, म्हणजे एकूण 16 मिनिटं. तेवढ्यात टायसनचे पॉलला लागलेले ठोसे भरले 18. उन्हाळ्यात बाजेवर पडून डास मारायची बॅट फिरवणारा म्हातारासुद्धा याहून बरा हिशेब देतो. तिन्ही पंचांनी पॉलला विजयी केलं. नेटफ्लिक्सनं मात्र सहा कोटी घरांत लढत पाहिली गेल्याचं जाहीर केलं, तेव्हा हरलं नक्की कोण, हा प्रश्नच आहे.

आमच्या टेबलावर याचा परिणाम वेगळाच झाला. कोपऱ्यात बशीतून चहा पिणारे आमचे पैलवान इतका वेळ गप्प होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "अठ्ठावन वर्साचा गडी उतरतो, मंग आपुन का नाही?"

पैलवानांचं वय त्या गड्यापेक्षा सहा वर्षांनी कमी. जत्रेच्या फडात त्यांनी एके काळी मानाच्या कुस्त्या मारलेल्या आहेत. घिस्सा टाकावा तर त्यांनीच, असं जुने लोक अजून म्हणतात. गदा घरात शोकेसमध्ये आहे, तिच्यावर नातवाची टोपी अडकवलेली असते. तालीम सुटली, खुराक तेवढा राहिला आणि अंग सुटलं. घरचा वजनकाटा त्यांचं ओझं पेलेना, म्हणून पोरांनी त्यांना मोंढ्यात नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. आडत्यानं आकडा वाचला आणि हाताच्या सवयीनं दोन किलो कडता धरून पावतीवर उतरवला. पैलवान खूश! तयारीला लागायच्या आधीच दोन किलो कमी. मोंढ्याच्या इतिहासात कडता कापला म्हणून आडत्याला चहा पाजणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

आता प्रश्न असा, की पोट सुटलेला विजेता परत येऊ शकतो का? हा विचारताच जगातला प्रत्येक सुटलेला विजेता कोर्टातल्या वकिलासारखी एकच नजीर पुढं करतो: जॉर्ज फोरमन. आमच्या पैलवानांनीही दोन दिवसांत नातवाच्या मोबाइलवरून ती मिळवली. फोरमन 1974 साली झैरमध्ये महंमद अलीकडून हरला, 1977 मध्ये निवृत्त झाला, ह्यूस्टनला धर्मोपदेशक झाला, दहा वर्षं ग्लोव्हजला शिवला नाही. 1987 मध्ये परत आला तेव्हा वजन 121 किलो. लोक हसले. आणि 5 नोव्हेंबर 1994 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी, लास वेगासला त्यानं मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवा करून जगज्जेतेपद परत घेतलं. अंगावर झैरमध्ये हरताना घातलेलीच लाल चड्डी होती.

"बगा!" पैलवान म्हणाले. "एकशेएकवीस किलो!"

बघितलं. पण पैलवानांनी वाचलं ते पहिलं आणि शेवटचं पान. मधली सात वर्षं त्यांनी गाळली, आणि सगळी गंमत त्याच सात वर्षांत आहे. पुनरागमनाची पहिली लढत कुठं झाली? सॅक्रमेंटोला. समोर कोण? स्टीव्ह झूस्की. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, तर तुमच्या सामान्यज्ञानात काही खोट नाही. तो निवडलाच त्यासाठी होता. पुढं स्प्रिंगफील्ड, अँकरेज, बेकर्सफील्ड. मधूनमधून लास वेगासही लागलं, पण गाडी मुख्यतः पॅसेंजर होती, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी. अशा 24 लढती ओळीनं जिंकल्यावर 1991 मध्ये इव्हँडर होलीफील्डसमोर मोठी संधी आली आणि तीही गुणांवर हुकली. 1993 मध्ये टॉमी मॉरिसनकडून पुन्हा हार. मूररच्या लढतीतही दहाव्या फेरीपर्यंत तो तिन्ही पंचांच्या कागदावर मागंच होता. थोडक्यात, फोरमन जगज्जेता झाला तो व्हाया परभणी.

टायसन फ्युरीनंही तेच केलं. 2015 मध्ये क्लिचकोला हरवून तो जगज्जेता झाला, मग दारू, नैराश्य आणि पावणेदोनशे किलोंच्या पुढं गेलेलं वजन. 2018 मध्ये परतला तो मँचेस्टरमध्ये सेफर सेफेरीसमोर. सेफेरी त्याच्यापेक्षा इतका लहान होता, की ती लढत आहे की पालक-शिक्षक भेट, असा संशय यावा. चार फेऱ्यांत सेफेरी थांबला. लोकांनी शिट्ट्या मारून टर उडवली. फ्युरीनं ती ऐकून घेतली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये डीऑन्टे वाइल्डरला लोळवून पट्टा मिळवला. टर ऐकून घ्यायची तयारी हा कुठल्याच खुराकात न मिळणारा जिन्नस आहे.

परभणी टाळून थेट मुंबई गाठणाऱ्यांचं काय होतं, तेही पाहा. महंमद अली जानेवारी 1980 मध्ये भारतात आला होता, दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी लढत खेळला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला, वयाच्या 38 व्या वर्षी, तो थेट जगज्जेता लॅरी होम्ससमोर उतरला. मध्ये एकही सॅक्रमेंटो नाही. आणि लक्षात घ्या, अली बेढब नव्हता! वजन झपाट्यानं उतरवलेलं, पांढरे केस काळे केलेले, फोटोत जुना अली दिसावा असा. त्यासाठी थायरॉइडच्या गोळ्याही घेतल्या होत्या. दिसण्यात सगळं परत आलं आणि ठोशात काहीच नाही. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनीच लढत थांबवली. गुरूला लोळवायची वेळ आलेला होम्स नंतर रडला. या एका लढतीची टर उडवायला आमचं पेन चालत नाही.

अँडी रुइझची गोष्ट मात्र उडवण्याजोगी आहे, कारण ती आपल्या अंगणातलीच वाटते. जून 2019 मध्ये या गुबगुबीत गड्यानं पिळदार अँथनी जोशुआला न्यूयॉर्कला सातव्या फेरीत संपवलं. सहा महिन्यांनी सौदी अरेबियात परतीची लढत. मधल्या काळात रुइझनं सत्कार घेतले, पार्ट्या केल्या आणि 121 चा 128 किलो होऊन रिंगणात आला. हरला, आणि पार्ट्या जरा जास्तच झाल्या असं स्वतःच सांगून मोकळा झाला. शाल, श्रीफळ आणि फेटा तिकडं मिळत नाही म्हणून सात किलोंवर भागलं. आमच्याकडं असता तर प्रत्येक चौकात जेसीबीनं फुलं उधळून घेत दीडशेवर गेला असता.

कुस्तीतही हे जुनंच आहे. 1910 मध्ये लंडनला पोलंडचा झबिस्को आपल्या गामा पैलवानासमोर दोन तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून पडला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. 18 वर्षांनी, दोघंही पन्नाशीच्या आसपास असताना, तो पतियाळाला हिशेब चुकवायला आला. या वेळी गामाला मिनिटही लागलं नाही.

हे सगळं आम्ही पैलवानांना सांगत होतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक माजी जिल्हा परिषद सदस्य कान टवकारून ऐकत होते. त्यांचीही अडचण तीच. 2022 साली मुदत संपली, पुढं वर्षानुवर्षं प्रशासक. रिंगणच नाही तर गडी फॉर्मात राहील कसा? हात जोडायची सवय मोडली, अंत्यविधीला वेळेवर पोचायचा दम राहिला नाही. पण मधली स्टेशनं यांनाही नकोत. ग्रामपंचायतीला उभं राहा म्हटलं, तर म्हणतात, आता थेट विधानसभा. सोसायटीला उभं राहा म्हटलं, तर फोन आला म्हणून बाहेर जातात.

पैलवानांच्या घरी वेगळाच फड रंगला. वहिनी म्हणाल्या, "गुडघ्याला तेल मी चोळायचं आन् कुस्ती तुमी खेळायची? आधी जिना चढून दाखवा." पैलवानांनी ते मनावर घेतलं नाही. कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह आणि जस्त जास्त असतं, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी त्या ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या. नेहमीच्या जेवणाऐवजी नाही, नेहमीच्या जेवणानंतर. पहाटे पाचला तालमीत जाऊन लाल मातीला पाया पडले, पाच जोर काढले आणि सहाव्याला मातीवरच निजले. पोरांना वाटलं, वस्ताद ध्यान करताहेत.

शेवटी जत्रा कमिटीच्या मंडळींनी तोडगा काढला. मानाची कुस्ती यंदा नको. आधी पालमकडच्या एका लहान गावच्या जत्रेत दुपारच्या सत्रात, नारळावर एक जोड लावू. समोर पन्नाशीचाच एक गडी, तोही पोट सुटलेला. हलगी असेल, फेटा नसेल. जमलं तर पुढच्या महिन्यात सोनपेठकडं, मग पाथरी, मग बघू.

पैलवानांचा चेहरा पडला. "नारळावर? रेवड्या वाटायच्या टायमाला?"

आम्ही पुन्हा फोरमन काढला. पहिली लढत सॅक्रमेंटोला, सात वर्षांची पॅसेंजर, सगळं पहिल्यापासून. सांगता सांगता हेही बोलून गेलो, की पत्रकार आहार विचारायचे तेव्हा फोरमन स्वतःच्या चीजबर्गर खाण्यावरच विनोद करायचा. पैलवान पहिल्यांदाच सरसावून बसले. वसमत रोडला ते कुठं मिळतं, एवढं विचारून घेतलं आणि नातवाला गाडी काढायला सांगितली.