वजन उतरवताना

जिममध्ये वजन वर जाताना सगळे बघतात, खाली येताना कुणीच नाही. उचलणारासुद्धा नाही, तो एव्हाना आरशात दंड न्याहाळत असतो आणि डंबेल धाडकन जमिनीवर आदळलेलं असतं.

स्नायूंचा हिशेब वेगळा. उचलताना स्नायू आखडतो, उतरवताना ताणला जातो; आणि ताणला जाताना तो जास्त जोर धरतो, तोही कमी प्राणवायूत. १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पॅडल मारायचं, दुसऱ्याने नुसतं अडवायचं. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग दाखवला तेव्हा अडवायला लहानखुरी बाई होती आणि पॅडल मारायला धिप्पाड पुरुष. बघता बघता दमला तो पुरुष. विरोधाला दम कमी लागतो हे आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही दरवर्षी दिसतं, पण तिथे प्राणवायू मोजायला कुणी येत नाही.

जिमच्या भाषेत वजन असं अडवत उतरवण्याला ‘निगेटिव्ह मारणं’ म्हणतात. शंभर किलोचा बेंच मारणाऱ्याने एकशेवीस घ्यायचे आणि चार आकडे मोजत छातीपर्यंत आणायचे. तिसऱ्या आकड्याला कोपरं थरथरतात, चेहरा कर्ज फेडणाऱ्यासारखा होतो. बार टेकला की दोघा दोस्तांनी दोन्ही टोकांना धरून तो वर न्यायचा. याने ताकद वाढते, पण आधी उतरवण्याची, उचलण्याची मागाहून. स्नायूंचे तंतू लांबतात, आणि लांब तंतू झपाट्याने आखडतात, म्हणून वेगालाही फायदा. उडीतली झेप मात्र घाईने मागू नये. काही आठवडे घाम, मग विश्रांती, तेव्हा कुठे ती हाताला लागते.

तोवर दुसरा दिवस उजाडतो. सिंहगड चढताना छाती भरते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या तक्रार करतात ती उतरण्याची, कारण पावलापावलाला त्यांनीच अख्ख्या देहाला ब्रेक लावलेला असतो. अशा वेळी जिना उतरणारा माणूस कठडा धरून, तिरका, एकेक पायरी. आठवड्याभराने तोच गड पुन्हा उतरला तर त्रास बराच कमी होतो, पण तेवढा धीर कुणाला असतो!

आणि दोस्तांची अडचण राहतेच. ऐन वेळी ते फोनवर असतात. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी अंतराळवीरांसाठी जड चाकाचं यंत्र बनवलं. जितक्या जोरात दोरी ओढाल तितक्याच जोरात चाक ती परत गुंडाळतं, आणि तुम्ही ते अडवायचं. दोस्त लागत नाहीत. शिवाय ‘अजून एक, भाऊ, होतंय!’ असं ते कानाशी ओरडतही नाही.