पिल्लाला क्लास लावणारे

पिल्लाला क्लास लावणारे गृहस्थ पूर्वी मुंबई-पुण्यातच दिसत. आता ते तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहेत. नाशिकपासून सुमारे 55 किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेजवळ वसलेल्या पेठमध्ये हे गृहस्थ बहुधा नोकरदार असतात: शिक्षक, बँकेतले, नाहीतर पंचायत समितीतले. निम्मी नोकरी नाशिक-पेठ अप-डाऊन करण्यात घालवल्यावर त्यांनी पेठलाच घर बांधलेले असते. मुलगा नीटच्या क्लाससाठी नाशिकला खोली करून राहतो आणि त्याच्या हट्टापायी आणलेले लॅब्रॅडॉरचे पिल्लू पेठला आईवडिलांजवळ राहते. पिल्लाचे नाव ब्रुनो असते. शेजारच्या कुत्र्याचे नाव मोत्या असते आणि त्याला कोणी क्लास लावलेला नसतो.

क्लासचा विचार पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो. ब्रुनोने तोवर एक चप्पल, मोबाइलचा चार्जर आणि शाळेच्या हजेरीपत्रकाचा कोपरा खाल्लेला असतो. शू करण्यासाठी त्याने नेमकी देवघरापुढची फरशी निवडलेली असते. दोन महिन्यांच्या पिल्लाचे हे वागणे अगदी वयाला धरून असते. सगळे चावून पाहायचे असते, मूत्राशयावर ताबा नसतो आणि चार्जरची किंमत ठाऊक नसते. गृहस्थांना मात्र यात भावी गुन्हेगार दिसतो. ‘आत्ताच वळण लावलं पाहिजे,’ असे ते म्हणतात. वळण लावणे म्हणजे क्लास लावणे, हे समीकरण मुलाच्या पाचवीपासून घरात पक्के झालेले असते.

त्यामुळे निवडीचे निकषही आयतेच असतात. गृहस्थ फोनवर विचारतात, ‘सर, बॅच कितीची? कोर्स किती महिन्यांचा? सर्टिफिकेट मिळतं का? मागच्या बॅचचा रिझल्ट काय?’ डेमो लेक्चर फुकट आहे का, हेही विचारून घेतात. दोन क्लासची फी वहीत लिहून वजाबाकी करतात आणि ज्याची जास्त त्याच्याकडे मनातून झुकतात, कारण महाग म्हणजे चांगला हा धडा त्यांनी मुलाच्या वेळी पैसे भरून शिकलेला असतो. पिल्लाला तिथे कसे शिकवतात, एवढाच प्रश्न राहून जातो.

सल्लागारांची उणीव नसते. नाशिकचा मेहुणा सांगतो, ‘भाऊजी, सहा महिने काही शिकवू नका, आत्ता ते लहान आहे.’ हा सल्ला जुना आहे आणि चुकीचा आहे. माणसे, आवाज, वाहने, इतर जनावरे यांची भीती न बाळगता ओळख करून घेण्याचा पिल्लाचा खरा काळ म्हणजे जन्मानंतरचे पहिले तीन महिने. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, म्हणजे ते घरी येते तेव्हा यातला जेमतेम महिना उरलेला असतो. मेहुण्याचे ऐकले तर परीक्षा संपल्यावर क्लास लावल्यासारखे होते.

दुसरा सल्ला असतो, सगळी इंजेक्शने होईपर्यंत पिल्लाला दाराबाहेर काढू नका. यामागची पार्वोची धास्ती खरी आहे, कारण या रोगाने पिल्ले पाहता पाहता दगावतात. मात्र प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संस्थेने 2008 मध्ये यावर तोड सांगितली: लसीचा पहिला डोस होऊन सात दिवस झाले असतील आणि जंताचे औषध दिलेले असेल, तर सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लू क्लासला जाऊ शकते. क्लासची जागा स्वच्छ हवी आणि येणारी सगळी पिल्ले लस घेतलेली हवीत. म्हणजे पहिला निकष हा, की क्लासवाल्याने फीआधी लसीचे कार्ड मागितले पाहिजे. गृहस्थ उलटेच समजतात. कार्ड न मागणारे सर त्यांना ‘ॲडजस्ट करून घेणारे’ वाटतात.

क्लास साधारण तीन प्रकारचे सापडतात. पहिल्या प्रकारात पिल्लू महिनाभर ट्रेनरकडेच ठेवायचे आणि शिकून तयार झाल्यावर घरी आणायचे. निवासी शाळेची सवय असलेल्या गुरुजींना हा प्रकार फार पटतो. दुसऱ्यात ट्रेनर घरी येतो. पेठचा पत्ता ऐकल्यावर तो पेट्रोलचा हिशेब सांगतो आणि बोलणे तिथेच थांबते. तिसऱ्यात मालकाने पिल्लासह जायचे आणि दोघांनी मिळून शिकायचे. हा प्रकार सर्वांत उपयोगी आणि गृहस्थांना सर्वांत नावडता. ‘मीच शिकायचं तर सरांना फी कशाची?’ हा त्यांचा प्रश्न बिनतोड असतो.

या व्यवसायात पदवीची सक्ती नसल्याने पाटीवर काहीही लिहिता येते. ‘पोलिसांचे कुत्रे तयार केले आहेत’ या वाक्याचा मोठा दबदबा असतो. पुण्यात राज्य पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, हे गृहस्थांनी ऐकलेले असते. पोलीस दलात कुत्र्याबरोबर त्याच्या हस्तकालाही प्रशिक्षण घ्यावे लागते आणि पुढे काम दोघे जोडीनेच करतात, हे ऐकलेले नसते. सरकारनेसुद्धा कुत्र्याला एकट्याला क्लास लावलेला नाही.

अखेर नाशिकचा एक क्लास ठरतो आणि रविवारी गाडी निघते. मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलेले असते. कोटंबीचा घाट ब्रुनो कुतूहलाने पाहतो. सावळघाटात तो गप्प होतो, ओठ चाटू लागतो आणि वळणावर सकाळचा दहीभात वर्तमानपत्र सोडून सीटकव्हरवर ठेवतो. पावसाळ्यात यात धुके आणि काचेवरची वाफ यांची भर पडते. क्लासला पोहोचेपर्यंत विद्यार्थी झोपलेला असतो. एवढ्या पिल्लाचे लक्ष एका वेळी पाचेक मिनिटे टिकते आणि ती पाच मिनिटे घाटात संपलेली असतात.

क्लासमध्ये गृहस्थ झाडाखालच्या खुर्चीत बसून फोन पाहतात. ट्रेनर खाऊचा तुकडा ब्रुनोच्या नाकासमोरून वर नेतो, मान वर जाते, बूड आपोआप टेकते आणि त्याच क्षणी तुकडा तोंडात पडतो. सगळी विद्या इतकीच: हवे ते घडले की लगेच बक्षीस. लसीबद्दल तोड सांगणाऱ्या त्याच अमेरिकन संस्थेने 2021 मध्ये बक्षिसावर आधारलेली पद्धत सर्व कुत्र्यांसाठी सुचवली आणि गळ्याला फास बसवणाऱ्या साखळ्या, विजेचे पट्टे नाकारले. गृहस्थांना खाऊची पद्धत लाचलुचपत वाटते. ‘जरा धाक पाहिजे, सर,’ असे ते सुचवतात.

घरी परतल्यावर खरी अडचण उभी राहते. गृहस्थ ‘सिट’ म्हणतात, बाई ‘बस’ म्हणतात, आजी ‘बूड टेक रं बाबा’ म्हणतात आणि व्हिडिओ कॉलवरून मुलगा ‘डाऊन’ म्हणतो. एका कृतीला चार हुकूम ऐकून ब्रुनो घरात एकमत होण्याची वाट पाहत उभा राहतो. गृहस्थ ट्रेनरला फोन लावतात: ‘सर, तुमच्याकडे बसतो, आमच्याकडे बसत नाही. रिव्हिजन बॅच आहे का?’

आजींचा प्रश्न वेगळाच असतो. ‘मोत्याला कोणत्या क्लासात घातला होता?’ मोत्या गुराख्यामागे डोंगरात जातो, रात्री नागलीच्या शेतावर रानडुकराची चाहूल देतो आणि बिबट्याचा वास आला की गुमान घरात शिरतो. त्याला हे मोठ्या कुत्र्यांकडून आणि दिवसभर बरोबर असणाऱ्या माणसाकडून मिळालेले असते. मोत्याचे सगळेच बरोबर असते असे नाही. एसटीच्या मागे धावणे त्याला अजून सुटलेले नाही आणि रेबीजची लस त्यालाही ब्रुनोइतकीच हवी. पण त्याचा मास्तर एकच आहे, तो रोज हजर असतो आणि त्याचा शब्द बदलत नाही.

तेव्हा क्लास निवडणाऱ्याने आधी पिल्लाला घरी ठेवून एकट्याने जावे आणि तासभर पाहावे. पिल्लांच्या शेपट्या हलत असतील, लसीचे कार्ड मागितले जात असेल आणि मालक मैदानात उभे राहून शिकत असतील, तर फी भरावी. मालक खुर्च्यांवर आणि पिल्ले साखळीला असतील, तर आल्या रस्त्याने पेठला परत यावे, घरात एक शब्द ठरवावा, खिशात भाकरीचे तुकडे ठेवावेत आणि रोज दोन-तीनदा पाच-पाच मिनिटे अंगणात उभे राहावे. या क्लासला फी नाही, घाट नाही. विद्यार्थी केव्हाचा हजर आहे. गैरहजेरी लागते ती मालकाची.